पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर हवा

सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो आणि तो उतरल्यावाचून त्या जमिनीला गिऱ्हाईक लाभत नाही, हे खानदेशातील शेंबडे पोरही जाणते. परित्यक्तेच्या पोटगीचा बोजाही त्याच रकान्यात चढू शकतो, याची जाणीव मात्र सुशिक्षितांनाही फारशी दिसत नाही.

नोकरदाराची पोटगी पगारातून वसूल करता येते. रावेर-यावलच्या केळी बागाईतदारास किंवा धुळ्याच्या आडत्यास पहिल्या तारखेला पगार होत नाही. त्याची ऐपत मळ्यात आणि गावातल्या माडीत असते. आणि दावा दाखल होताच ती खरेदीखताच्या एका कागदाने दुसऱ्याच्या नावे जाऊ शकते. फौजदारी मार्गाने थकबाकीदारास महिन्याची कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. पण तुरुंगात बसलेल्या बापाकडून लेकराच्या शाळेची फी येत नाही!

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ अन्वये कायम पोटगीची रक्कम, आवश्यक वाटल्यास, प्रतिवादीच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवून सुरक्षित करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही पतीच्या मिळकतीविषयी तशीच तरतूद आहे. मेख आहे ती पुढेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०० सांगते की, मोबदला देऊन आणि बोज्याची माहिती नसताना ज्याने मिळकत घेतली, त्याच्याविरुद्ध तो बोजा सामान्यतः चालत नाही. नोंद नसेल तर खरेदीदार 'मला ठाऊक नव्हते' म्हणून मोकळा होऊ पाहणार, आणि हुकूमनामा ट्रंकेत पडून राहणार.

एकत्र कुटुंबाची जमीन अडकवून भावांना शिक्षा का, असा आक्षेप येतो. तो अगदीच गैरवाजवी नाही. म्हणूनच बोजा पतीच्या हिश्श्यापुरताच असावा. परंतु सोसायटीचा बोजा वर्षानुवर्षे निमूटपणे वागविणाऱ्या घरांना सुनेच्या अन्नाचा बोजा चढताच अब्रू आठवावी, हे आम्हांस कळत नाही.

मिळकत हुडकण्याची सबबही आता उरलेली नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या वकीलबंधूंनी गटनंबरासह बोज्याची मागणी मूळ अर्जातच करावी. न्यायालयांनी हुकूमनाम्याची प्रत परस्पर तहसील वा नगर भूमापन कार्यालयाकडे धाडावी, आणि महसूल खात्याने तिचा फेरफार विनाविलंब घ्यावा. चोपड्याला माहेरी राहणाऱ्या बाईस एका नोंदीसाठी साक्रीच्या चावडीवर खेटे घालावयास लावू नये.