वनाचे मुद्दल

दगडी कोळसा जळाला की संपला. वृक्ष मात्र तोडला तरी पुन्हा उगवतो. एवढ्यावरून लाकूड हे अक्षय इंधन आहे, असे कोणी मानील, तर ती समजूत घातक ठरेल.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्गच्या परिसरात रुप्याच्या खाणी होत्या. खनिज वितळवण्यासाठी भट्ट्यांना लोणारी कोळसा लागे. त्यापायी डोंगर उजाड होऊ लागले. तेव्हा खाणखात्याचा प्रमुख हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ साली ग्रंथ लिहून बजावले, की वनात जेवढे वाढते तेवढेच तोडावे आणि तोडलेल्या जागी नवे लावावे.

शहाणा गृहस्थ व्याजावर संसार चालवतो, मुद्दलाला हात लावीत नाही. वनाची वार्षिक वाढ हे व्याज. उभे वन हे मुद्दल. परंतु हा हिशेब केवळ लाकूड मोजून पुरा होत नाही. पाला, काटक्या व पडलेली खोडे कुजून मातीला पोसतात. सारेच वेचून नेले, तर नवी झाडे खुरटतात. शिवाय लाकूड घटकाभरात जळते. त्यातून निघालेला कर्बवायू शोषून घेण्यास नव्या वृक्षांना कित्येक दशके लागतात.

म्हणून इंधनासाठी प्रथम विरळणीचे लाकूड आणि लाकूडगिरणीतील भुसा वापरावा. जुने वृक्ष राखावेत. ज्यांच्या खुंटांना धुमारे फुटतात, त्या झाडांना वाढण्यास पुरेसा अवधी द्यावा. कुऱ्हाड कोठे थांबवावी हे ज्या समाजाला कळते, त्याच्याच चुली पिढ्यानपिढ्या पेटत्या राहतात.