भिंगार कॅम्प आणि एक जर्मन समास

नगर शहरालगतच्या भिंगारजवळच्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन चिलखती गाडी उभी आहे. तिचं नाव ‘पान्झरश्पेवागन’. पान्झर म्हणजे चिलखत, श्पे म्हणजे टेहळणी, वागन म्हणजे गाडी. लांबलचक समासांची हौस जर्मनला संस्कृतइतकीच. पण या समासाची फोड करत मागे गेलं, की ज्या राजवटीने अशा गाड्या युरोपवर घातल्या तिचा शुद्धतेचा मूळ दावाच खोटा पडतो.

‘वागन’ आणि आपलं ‘वाहन’ एकाच कुळातले. ‘श्पे’चं नातं ऋग्वेदातल्या ‘स्पश्’शी, वरुणाचे हेर ते स्पश्. ‘पान्झर’ मात्र मुळात जर्मन नव्हेच. लॅटिन ‘पान्तेक्स’ म्हणजे पोट. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पोट झाकणाऱ्या चिलखताला नाव पडलं आणि मध्ययुगात ते जर्मनीत पोचलं. रणगाड्याचं पूर्ण जर्मन नाव ‘पान्झरकाम्फवागन’. त्यातलं ‘काम्फवागन’ आणि आपला ‘रणगाडा’ यांची घडण हुबेहूब सारखी. आणि हा ‘काम्फ’, म्हणजे लढा, लॅटिन ‘काम्पुस’वरून, म्हणजे मैदानावरून आलेला. हिटलरने आपल्या पुस्तकाच्या नावात मिरवला तो हाच शब्द. शुद्ध रक्ताच्या नावाखाली साठ लाख ज्यूंचा संहार करणाऱ्यांनी मिरवलेला लढ्याचा शब्दही मुळात त्यांचा नव्हता.

इंग्रजी ‘कॅम्प’ही त्याच ‘काम्पुस’चा वंशज. भिंगारने तर मैदान आणि छावणी दोन्ही पाहिलंय. १४९० मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने बहामनी फौजेला हरवलं ते भिंगारच्याच परिसरात. १८०३ मध्ये ब्रिटिश सेनानी वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, पुढे छावणी वसली आणि ‘भिंगार कॅम्प’ हे नाव असं रुळलं की पोलीस ठाणंही त्याच नावाचं. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिशांनी जर्मन नागरिकांना नगरला आणून डांबलं. १९३९ मध्ये कराचीत पकडलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिक हारर यालाही आधी इथेच ठेवलं होतं.

शुद्धतेच्या नावाखाली परके शब्द हुडकून हाकलण्याची मागणी मराठीतही अधूनमधून जोर धरते. मराठी शाळा टिकाव्यात, शास्त्राची पुस्तकं मराठीत यावीत, यासाठी भांडलंच पाहिजे. मात्र ‘कॅम्प’ भिंगारकराच्या तोंडून काढून घेतल्याने मराठीचं एक पानही वाढणार नाही. नगरच्या शिक्षकांनी मुलांना संग्रहालयात नेलं, तर तोफेचा पल्ला आणि पत्र्याची जाडी सांगून थांबू नये. ‘पान्झरश्पेवागन’ या एका नावाची फोडही त्यांच्याकडून करून घ्यावी.