स्वभाव मोजणारी प्रश्नावली

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये ‘डीएसएम-5’ ही निदानपुस्तिका काढली. तिने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने 10 प्रकार कायम ठेवले. पण माणसाला एका खणात बसवण्याऐवजी त्याच्या स्वभावातील त्रासदायक पैलू मोजण्याची पर्यायी पद्धतही दिली. त्यासाठीच ‘पीआयडी-5’ ही 220 विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला 0 ते 3 गुण, त्यातून 25 पैलू आणि त्यांचे पाच गट.

चाचणी खरी कशी ओळखावी, हे कॅम्पबेल आणि फिस्के या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्येच सांगून ठेवले आहे. एकच गुण मोजणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल जुळावेत, हे झाले एक. वेगवेगळे गुण मोजणाऱ्या चाचण्यांचे निकाल मात्र फारसे जुळू नयेत. पहिल्या कसोटीवर अशा प्रश्नावल्या बऱ्यापैकी उतरतात. अडखळतात त्या दुसऱ्या कसोटीवर. चिंता, संशय, उतावळेपणा, वैरभाव असे वेगळे म्हणवणारे आकडे पुष्कळदा एकत्रच चढतात.

यात सगळा दोष प्रश्नावलीचा नाही. उतावळा माणूस भांडखोरही असू शकतो. खुद्द पुस्तिकेनेही उदासी आणि संशय हे पैलू दोन-दोन गटांत धरले आहेत. शिवाय बहुतेक विधाने त्रासाचीच असतात; महिनाभर झोप नसलेला, खचलेला माणूस त्यातल्या बहुतेकांना ‘हो’च म्हणणार. म्हणजे त्रास किती आहे ते आकड्यावरून बरे कळते. तो कोणत्या पैलूचा, ते तितके नाही. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-11’ वर्गीकरणात आधी विकाराची तीव्रता ठरवतात, पैलूंची नोंद ऐच्छिक आहे. हा क्रम शहाणपणाचा आहे.

आपल्याकडे मात्र केसपेपरवर एकदा ‘वैरभावी’ असा शेरा पडला, की तो वॉर्डभर रुग्णाच्या आधी पोहोचतो. मग त्याची खरी तक्रारही नाटक ठरते. (मोबाइलवर पाच मिनिटांत जोडीदाराला ‘नार्सिसिस्ट’ ठरवणाऱ्या चाचण्यांबद्दल न बोललेलेच बरे.) नैराश्यात भरून घेतलेली प्रश्नावली नैराश्य ओसरल्यावर पुन्हा भरून घ्यावी, बरेच आकडे खाली आलेले दिसतात. घरच्या माणसालाही विचारावे. पीआयडी-5 ची तशी वेगळी आवृत्ती आहे, 218 विधानांची. गर्दीच्या ओपीडीत ती कोण भरून घेणार, हा प्रश्न उरतोच. पण आई किंवा बायको बाहेर बाकावर बसलेली असते, तिच्याशी दहा मिनिटे बोलायला छापील कागद लागत नाही.