‘निर्धूर’ वाचून चूल घेऊ नका, भाकरी भाजून घ्या



आजची नोंद पिकाची नाही, चुलीची आहे. पण चुलीत जातं ते शेतातलंच, तुराट्या, पऱ्हाट्या, बांधावरची बाभळ, गोठ्यातल्या गोवऱ्या. म्हणून इथंच लिहितो. आणि थोडं तिखट लिहितो, कारण हल्ली चुली विकणारे आणि फुकट वाटणारे दोन्ही फिरायलेत आणि दोघांच्याही कागदावर एकच शब्द असतो, ‘निर्धूर’.

तर पहिलं हे ध्यानात घ्या, लाकडावर चालणारी निर्धूर चूल जगात नाही. कमी धुराची असते, बऱ्याच कमी धुराची असते, पण निर्धूर नसते. लाकूड तापलं की त्यातनं वायू सुटतो. तो वायू जळाला की जाळ दिसतो, न जळता निसटला की धूर दिसतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण आहे. युरिया टाकला आणि वरून जोराचा पाऊस होऊन तो वाहून गेला, तसंच. चूल चांगली म्हणजे काय, तर आतली जागा चांगली तापली पाहिजे, खालून हवा लागली पाहिजे आणि वायूला भांड्यापर्यंत पोचायच्या आत जळायला वाव मिळाला पाहिजे. ओलं लाकूड घातलं, चुलीचं तोंड कोंबून भरलं, भांडं जाळाला पार चिकटवलं, तर बाटलीत बंद करून आणलेली चूल असली तरी ती धूरच करणार.

दुसरा गट आहे तो म्हणतो, आता गॅस आलाय, चुलीचं कशाला काढता. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, गावात टाक्या आल्या, हे चांगलंच झालं. ज्याला परवडतं त्यानं गॅसच वापरावा, त्याच्या तोडीची लाकडाची चूल नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण गावात सकाळी सहा वाजता एक चक्कर मारा. ज्या घरात टाकी आहे त्याच घराच्या अंगणात पाणी तापायची चूल पेटलेली दिसेल. चहा गॅसवर, वरण गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर आणि जनावराचं आंबोण पण चुलीवर. तीन टाक्या वर्षाला सरकारकडनं फुकट मिळाल्या तरी उरलेलं वर्ष कशावर काढायचं?

हिशोब करून बघू. टाकीत १४.२ किलो गॅस. एका किलोत साधारण ४५ मेगाज्यूल उष्णता, त्यातली साठेक टक्के भांड्याला लागते असं धरा. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १६ मेगाज्यूल, आणि आपल्या तीन दगडांच्या नाहीतर साध्या मातीच्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच कामी येते. म्हणजे एका टाकीचं काम करायला साध्या चुलीला दोन क्विंटलच्या आसपास लाकूड लागतं. तेच पंचवीस टक्के उष्णता वापरणारी चूल असेल तर एक क्विंटलमध्ये भागतं. हा एक क्विंटलचा फरक कोणाच्या डोक्यावर येतो? मी तरी गावात मोळी घेऊन येणारा बाप्या क्वचितच बघितला.

आणि इथं आपला शेतीचा मुद्दा आहे, जो चूलवाले कधी सांगत नाहीत. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून घराच्या मागं गंजी लावायची आपली रीत. त्या पऱ्हाट्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत बसून राहते. कृषी विभाग, विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र सगळे सांगून थकले, पऱ्हाटी साठवू नका, बारीक करून रानातच गाडा. शेतकरी मान हलवतो आणि घरी येऊन गंजी रचतो, कारण चार महिन्यांचं जळण तेच असतं. कृषी सहायकांनी इथं लक्ष द्यावं. बोंडअळीचा प्रश्न नुसता रानात सुटणार नाही, तो अर्धा स्वयंपाकघरात आहे. निम्म्या जळणात भागणारी चूल घरात आली तर तुराट्या आणि बाभळीच्या फाट्यावर वर्ष निघू शकतं आणि पऱ्हाटी मातीत जाऊ शकते.

आता धुराचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगात ३२ लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार लेकरं होती. दमा, फुफ्फुसं निकामी होणं, लेकरांचा न्यूमोनिया, डोळ्यांचा मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, ही सगळी धुराची देणी. हायवेला ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या लावून ढाबे चालतात, गिऱ्हाईक बाहेर झाडाखाली बाजेवर बसतं आणि आत पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई डोळे पुसत थापत असते. चव चुलीची, खोकला तिचा. काही म्हातारी माणसं म्हणतात धुरानं आढ्याला टांगलेलं बियाणं टिकतं, किडत नाही. खरं आहे. पण बियाण्याला फुफ्फुस नसतं.

मग एवढं सगळं माहीत असून चुली का सुधारल्या नाहीत? प्रयत्न कमी झाले नाहीत, बरं का. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी मगन चूल काढली. हैदराबादला अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धुराडं असलेली चूल बसवली, तेव्हा आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. नंतर १९८० च्या दशकात केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००२ पर्यंत चालला. देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याचं कागदावर आहे. तुमच्या गावात त्यातली एक तरी शिल्लक आहे का बघा. आपल्याकडं कित्येक घरांत त्या चुलीचं धुराडं फुटलं ते परत बसलंच नाही, काहींनी वैल बुजवून टाकला, काहींनी त्यावर पाण्याचा हंडा ठेवला.

कारण सरळ आहे. मोजणी झाली ती किती चुली बसवल्या याची. किती पेटल्या याची नाही. ओडिशात चार वर्षं असाच एक अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत एस्थर डुफ्लो होत्या, ज्यांना पुढं २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. धुराडं असलेल्या मातीच्या चुली बसवल्या, पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला आणि पुढं फरकच राहिला नाही. बायांनी चूल कमी वापरली, धुराडं साफ झालं नाही, डागडुजी झाली नाही. काही शहाणे यावरून म्हणतात की गावच्या बायांना सवय बदलायची नसते. मी म्हणतो, ज्या चुलीवर भाकरी फुगत नाही ती चूल बाईनं का वापरावी? ट्रॅक्टरवाल्यानं तुम्हाला नांगर न ओढणारा ट्रॅक्टर दिला आणि तुम्ही तो गोठ्यामागं उभा केला, तर दोष तुमच्या सवयीचा का?

ज्वारीची भाकरी कशी होते हे चूल आखणाऱ्या साहेबाला माहीत पाहिजे. तव्यावर दोन्ही अंगांनी भाजली की ती चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची, तिथं ती फुगते. म्हणजे चुलीला नुसता जाळ नाही, पुढं आर ओढायला जागा पाहिजे. तवा मोठा असतो, बसायला चूल बुटकी पाहिजे आणि एका हातानं पीठ मळताना दुसऱ्या हातानं काडी सारता आली पाहिजे. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात एक विक्रेता आला होता. करवतीनं कापलेले, बोटाएवढे कोरडे ठोकळे त्यानं सोबत आणलेले. पाच मिनिटांत चहा उकळून दाखवला, टाळ्या घेतल्या. एका मावशीनं तुराटीची पेंढी पुढं केली आणि म्हणाली, यावर एक भाकर करून दाव. त्याला गाडीला उशीर व्हायला लागला.

फुकटच्या चुलींचं आणखी वेगळं आहे. आधार कार्डाचा फोटो, चुलीशेजारी उभ्या बाईचा फोटो, मोबाईलवर अंगठा. कशासाठी? तर या चुलीमुळं जेवढं लाकूड वाचलं असं धरतात, त्यावर कार्बन क्रेडिट निघतं आणि ते परदेशी कंपन्यांना विकलं जातं. त्याला माझी ना नाही, चूल चांगली असेल तर. पण कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२४ ला दाखवून दिलं की त्यांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांत क्रेडिट खऱ्यापेक्षा सरासरी नऊ पटींनी जास्त मोजलेलं होतं. म्हणजे तुमच्या घरी चूल पोत्याखाली पडलेली आणि तिकडं तिच्या नावावर धूर कमी झाल्याची पावती फाटलेली. फोटो काढू द्या, पण आधी विचारा, जाळी जळली तर दुसरी कोण देणार, आणि आमच्या नावावर किती क्रेडिट विकणार.

आता घ्यायचीच झाली तर काय बघायचं. भारतीय मानक ब्युरोचं चुलीचं मानक आहे, आयएस १३१५२. पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के, पंख्याच्या चुलीची ३५ टक्के. धुरातले कण, भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूलमागं पंखा नसलेलीला ३५० मिलिग्रॅमच्या आत आणि पंख्याच्या चुलीला १५० च्या आत. कार्बन मोनॉक्साइड दोन्हीला ५ ग्रॅमच्या आत. हा शेवटचा आकडा सोडू नका, कारण तो वायू दिसत नाही. धूर दिसत नाही म्हणून पेटती शेगडी दार लावून खोलीत ठेवली तर झोपलेलं माणूस उठत नाही. विकणाऱ्याकडं चाचणीचा कागद मागा. कागद नसेल तर बोलणं संपलं. कागद असला तरी चाचणी मोजून कापलेल्या कोरड्या लाकडावर झालेली असते हे विसरू नका, आपल्या घरी तो आकडा कमीच भरणार.

पुढं तुमचं जळण काय आणि घर कसं यावर आहे. वर्षभर घरी राहणारं कुटुंब, गोवऱ्या बऱ्याच, घराला भिंत पक्की, तर दोन वैलांची आणि धुराड्याची बसकी चूल बरी. पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ ला सुरू केलेली ती, लक्ष्मी, पार्वती अशा नावांच्या चुली लोकांपर्यंत नेल्या, आणि साचा असला तर गावातला कुंभार किंवा गवंडी अशी चूल घालू शकतो. पण धुराडं छपराच्या वर गेलं पाहिजे, खिडकीतनं बाहेर काढलेलं धुराडं म्हणजे शेजारणीच्या घरात धूर. आणि महिन्याला काजळी काढायची. ते काम घरातल्या बाप्यानं करावं, शिडीवर चढायला आपल्याला मानाचं वाटतं तरी.

तुराट्या भरपूर असतील तर खाली आडवं तोंड आणि वर उभी नळी अशी पत्र्याची चूल सगळ्यात जुळते, तिला रॉकेट चूल म्हणतात. बारीक काड्या तिला फार मानवतात, टोकं जळतील तशा आत सारायच्या. कमतरता ही की आर कमी पडतो, भाकरी तव्यावरच दाबून फुगवावी लागते. पत्रा पातळ असेल तर दोन पावसाळ्यांत गळतो, म्हणून आतली नळी जाड आहे का ते नखानं वाजवून नाही, कडेला बोट लावून बघा. तिला धुराडं नसतं, तेव्हा ती अंगणात नाहीतर उघड्या पडवीतच.

पंख्याच्या आणि वरून पेटवायच्या चुली कागदावर सगळ्यांत स्वच्छ. पण जळणाचे तुकडे करावे लागतात, गोवरी चालत नाही, वरून पेटवायच्या चुलीत मधेच जळण टाकलं की धूर उसळतो, आणि पंख्याला चार्जिंग लागतं. लाइटचं आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार तर कोणी करतच नाही. केज, धारूर, वडवणीकडची गावंच्या गावं दिवाळीच्या आगेमागे कुलूप लावून कारखान्याला जातात. अशा घरात भिंतीतली सिमेंटची चूल बसवून दिली की ती सहा महिने घूस-उंदरांची. आणि ती बाई तिकडं फडात पहाटे तीनला उठून कोपीत तीन दगडांवर धूर खात भाकरी थापती. तिला पाहिजे कोयत्याबरोबर गाडीत टाकता येईल अशी चूल. कारखान्यांनी आणि मुकादमांनी उचल देताना दर जोडीमागं एक अशी चूल द्यावी, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

आणि एक, चूल कोणतीही असो, पेटवायला कॅरीबॅग, खताच्या गोणीचा तुकडा, औषधाचं रिकामं पाकीट घालू नका. भाकरीच्या वासात ते विष कळत नाही.

ज्यांच्या घरी अशी कोणती चूल एक पावसाळा आणि एक हिवाळा चालली असेल त्यांनी लिहा. पहिल्या दिवसाचं नको, पहिल्या दिवशी सगळ्याच चुली चांगल्या असतात. जाळी किती दिवसांत गेली, महिन्याला किती मोळ्या लागल्या, भाकरी कशी होते, हे पाहिजे. आणि स्वतः लिहू नका, घरात जी रांधते तिला विचारून तिच्या शब्दांत लिहा.