पडद्यावरची नाडीपरीक्षा

आंबेगावातील आहुपे किंवा जुन्नरातील घाटघर येथील रुग्णाला दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तरीही व्हिडिओवरून तपासण्यास कुटुंबाचे डॉक्टर कचरतात, ते उगीच नव्हे. रत्नागिरीतील एका प्रकरणात रुग्णाला न तपासता दूरध्वनीवरून औषधे देण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक ताशेरे ओढले होते. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ सल्ल्यास मान्यता दिली खरी. परंतु निर्णयाची जबाबदारी डॉक्टरांवरच ठेवली. पोट दाबून पाहणे पडद्यावर शक्य नाही. म्हणून उपकेंद्रातील परिचारिकेने रुग्णाजवळ बसून रक्तदाब मोजावा, मगच डॉक्टरांनी सल्ला द्यावा. एवढी सोय शासनाने सर्वत्र केली, तर हा संकोच बराच ओसरेल; एरवी तो रास्तच ठरतो.