मानेतली न दिसणारी गाठ

तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमचे विड्याचे पान सबंध तामिळनाडूत नावाजलेले. जेवण झाले की विडा हवाच, ही तिथली रीत आपल्यासारखीच. खरा घात करते ती सुपारी. तंबाखू नसली तरी सुपारी घातलेल्या विड्याने कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुधा आधी मानेत. त्याच्या पेशी तिथल्या लसिकाग्रंथींत जाऊन दडतात आणि सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही. मग तोंडातली गाठ काढतानाच या ग्रंथीही काढाव्यात, की मानेत गाठ येईपर्यंत थांबावे? सर्जन मंडळींचा हा वाद जुना. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी तो तडीस नेला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. ५०० जणांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. या शस्त्रक्रियेने खांदा दुखू शकतो, आखडू शकतो. पण जिवापुढे खांद्याचे काय!

अर्थात हे सारे रोग लवकर सापडला तर. पान-सुपारी खाणाऱ्यांनी अधूनमधून आरशात तोंड पाहावे. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही.