ओहमचा हिशेब गिऱ्हाइकाच्या गळ्यात

वसतिगृहात दिवस काढलेल्या पिढीला विजेची शेगडी आठवत असेल. पांढऱ्या चिनी मातीची थाळी, तिच्या नागमोडी खाचेत बसवलेली तारेची कॉइल आणि वर रेक्टरच्या नजरेआड उकळणारा चहा. कॉइल तुटली की नवी आणायला महिनाअखेरीस कुणाकडे पैसे नसत. मग तुटलेली दोन टोके पकडीने ओढून एकमेकांत पिळायची. शेगडी पुन्हा पेटे, आणि गंमत म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त लाल होई. चहा लवकर होई. आठ-पंधरा दिवसांत कॉइल पुन्हा तुटे.

यामागचे गणित शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होते, फक्त ते शेगडीला लावून बघायचे कुणाला सुचत नसे. तार आखूड झाली, तिचा रोध घटला, वीज जास्त वाहिली, आच वाढली. घरच्या २३० व्होल्टवर हजार वॅटच्या कॉइलचा रोध ५३ ओहमच्या आसपास असतो आणि दोन हजार वॅटच्या कॉइलचा त्याच्या निम्मा. कमी ओहम म्हणजे जास्त आच. ऐकताना उलटे वाटते, कारण ‘कमी’ म्हटले की डोक्यात ‘मंद’ हेच बसलेले असते. म्हणूनच इलेक्ट्रिकच्या दुकानातला माणूस कॉइल मागितली की आधी विचारायचा, ‘हजारची का दोन हजारची?’ उत्तर मिळाल्याशिवाय पुडी हातात पडत नसे.

ई-सिगारेट, म्हणजे बोलीतले व्हेप, ही या शेगडीचीच बोटभर आवृत्ती आहे. तारदेखील पुष्कळदा भट्ट्या आणि शेगड्यांसाठी वापरतात तीच: स्वीडनमध्ये तयार झालेला लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, कांथाल. तारेच्या आत किंवा भोवती कापूस असतो. कापसात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीचे अर्क आणि निकोटीन यांचा द्रव मुरलेला असतो. भिंतीतल्या प्लगऐवजी लिथियम-आयन सेल येतो. तो भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, संपत येताना ३.२ च्या आसपास उतरतो, आणि त्याच्यावर नाव म्हणून छापलेले असतात ३.७. व्होल्ट चिमूटभर, म्हणून ओहमही चिमूटभर. बाजारातल्या कॉइली ०.१५ ओहमपासून अडीच ओहमपर्यंत पसरलेल्या आहेत.

आकडे इतके लहान झाले की चूक मोठी होते. शेगडीच्या ५३ ओहमात एक ओहम इकडेतिकडे झाला तर चहाला पत्ता लागत नाही. व्हेपमध्ये एक ओहम म्हणजे दुसरेच यंत्र. समजा कॉइल १.२ ओहमची आहे आणि तिच्या खोक्यावर १० ते १२ वॅट असे छापले आहे. वॅट काढायचे तर व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागायचे. ३.८ व्होल्टवर ही कॉइल बरोबर १२ वॅटवर चालते. व्होल्ट चढवायचे बटण फिरवून ४.८ वर नेले तर व्होल्ट वाढले सव्वापट, वॅट मात्र झाले १९, म्हणजे दीडपटीहून जास्त. वर्गाचा हा फटका नवख्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटते, चुलीवरचा गॅस जरासा मोठा केला.

वॅटचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रात चूक वेगळ्या वाटेने शिरते. यंत्रात ०.६ ओहमची कॉइल होती, पडद्यावर २४ वॅट होते, सगळे सुरळीत चालले होते. कॉइल जुनी झाली, दुकानातून वेगळी पुडी आली, ती १.२ ची निघाली. पडद्यावरचे २४ तसेच राहिले. पहिल्याच झुरक्याला कापूस जळतो. काहीजण नवी कॉइल बसवून टाकी भरतात आणि लगेच बटण दाबतात. कापसाला भिजायला पाच-दहा मिनिटे लागतात, कोरड्या तव्यावर फोडणी टाकल्यावर जे होते तेच इथे होते. आणि द्रव निवडतानाही हाच घोटाळा: दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीनचा द्रव जास्त ओहमच्या, थोडी वाफ देणाऱ्या यंत्रासाठी असतो. तो पाव ओहमच्या ढगफेक्या यंत्रात भरला की डोके गरगरते आणि मळमळते.

आता प्रश्न असा की हा सगळा हिशेब गिऱ्हाइकाने का करावा?

शेनयांगचे औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेटला आकार दिला, तेव्हा असे फिरवायचे बटण नव्हतेच. सिगारेटसारखी दिसणारी नळी तोंडात धरायची, इतकेच काम. दशकभराने पेनसारखी यंत्रे आली आणि त्यांच्या बुडाशी एक चक्री आली, ३.२ ते ४.८ व्होल्ट फिरणारी. विकणाऱ्यांनी तिला ‘तुमची निवड’ म्हटले. पण चक्रीवर व्होल्ट छापलेले, ओहम कॉइलवर, आणि दोन्ही जुळवून निघणारे वॅट कुठेच नाहीत. प्रेशर कुकर घेणाऱ्या बाईला कुणी वाफेचा दाब मोजायला सांगत नाही, त्यासाठी शिट्टी असते आणि शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह. इथे शिट्टी काढून हातात थर्मामीटर दिला आणि त्याला स्वातंत्र्य म्हटले.

या बेमेळाची किंमत विज्ञानानेही मोजली. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचे एक पत्र छापून आले. ३.३ व्होल्टवर त्यांना वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायने सापडली नव्हती, ५ व्होल्टवर ती भरपूर सापडली. जगभर मथळे झाले: ई-सिगारेट सिगारेटपेक्षा जास्त कर्करोगकारक. ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि इतरांनी आक्षेप घेतला की नुसत्या व्होल्टला अर्थ नाही. त्या साध्या टाकीच्या कॉइलला ५ व्होल्ट झेपत नाहीत, द्रव करपतो आणि असला करपट झुरका माणूस दुसऱ्यांदा घेत नाही. पुढे फार्सालिनोस यांनी अनुभवी वापरणाऱ्यांच्या हातात तशीच टाकी दिली, तेव्हा ५ व्होल्ट गाठायच्या आधीच बहुतेकांना करपल्याची चव लागली. पत्र मागे घ्यावे अशी मागणी झाली. ते मागे घेतले गेले नाही.

आक्षेप बरोबर होता, त्यातून काढलेला दिलासा मात्र अर्धा आहे. करपल्याची चव कळते कुणाला? ज्याने आधी न करपलेली चाखली आहे त्याला. पहिल्या आठवड्यातल्या माणसाला घशात खरखर झाली तर वाटते की सिगारेटसारखीच ही पण लागते, असेच असणार. वर आंब्याच्या नाहीतर पुदिन्याच्या चवीचे पांघरूण असते. स्वयंपाकघरात नवखा उभा असताना ‘करपले तर वास येईलच की’ या भरवशावर कुणी गॅस मोठा ठेवून बाहेर जात नाही.

फॉर्मल्डिहाइड निदान सावकाश काम करतो. सेल तसा थांबत नाही.

‘मेकॅनिकल मॉड’ नावाची एक जात आहे: तांब्या-पितळेची नळी, आत एक १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), वर कॉइल, खाली दट्ट्या. मध्ये चिप नाही, फ्यूज नाही. दट्ट्या दाबला की सेल थेट कॉइलला जोडला जातो. ०.२ ओहमची कॉइल लावली तर भरलेल्या सेलमधून २१ अँपिअर वाहतात आणि ०.१५ ची लावली तर २८. या आकाराचे चांगले सेल सलग वीस-पंचवीस अँपिअर देऊ शकतात, साधे त्याहून बरेच कमी. तरी बाजारात रंगीत वेष्टन चढवून ४० अँपिअर छापलेले सेल मिळतात. असल्या यंत्रात ओहमची चूक ही चवीची चूक राहत नाही. नळीला वायू बाहेर पडायला पुरेशी भोके नसली तर तापून फाटणाऱ्या सेलसाठी ती बंदुकीची नळीच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये काढलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेट पेटण्या-फुटण्याच्या १९५ घटना नोंदल्या आहेत, १३३ जण जखमी झाले, त्यातले ३८ गंभीर. मृत्यू तोवर नव्हता. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासात तोही झाला. (खिशात सुटा सेल आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र ठेवणारे वेगळेच. त्यांची पँट पेटते.)

आणि उपाय तर केव्हाच निघालेला होता. कॉइलचा रोध यंत्राने स्वतः मोजायचा, त्यावरून वॅट ठरवायचे, शॉर्ट असेल तर पेटायचेच नाही: असे करणाऱ्या चिपा २०१२ च्या मागेपुढे सर्रास झाल्या. २०१४ मध्ये ओहायोतल्या इव्हॉल्व्ह कंपनीच्या चिपेने निकेलच्या तारेचा गुण वापरला. निकेल तापले की त्याचा रोध वाढतो, म्हणजे रोध मोजला की तापमान कळले. कापूस कोरडा पडून तार भलतीच तापायला लागली की वीज आपोआप आखडते. कांथालचा रोध तापल्यावर जवळजवळ हलत नाही, म्हणून त्याला ही युक्ती लागू पडत नाही. कुकरची शिट्टी ती ही चिपच.

मग गोष्ट इथे सुखाने संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण शिट्टी बसवलेला कुकर पोरांच्याही हाताला सोपा पडला. २०१५ मध्ये अमेरिकेत ज्यूल नावाचे व्हेप आले. चक्री नाही, बटण नाही, ओहम-व्होल्टचा प्रश्नच नाही. कॉइल, सेल आणि तापमान कारखान्यातच जुळवलेले, आणि द्रवात ५ टक्के निकोटीन. पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे यंत्र शाळेच्या दप्तरात मावले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत ई-सिगारेट ओढणारी हायस्कूलची मुले २०१७ मध्ये ११.७ टक्के होती, २०१९ मध्ये २७.५ टक्के झाली. २०२२ मध्ये ज्यूलने तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड केली. हौशी मंडळी यावरून म्हणतात, बघा, अवघड यंत्रच बरे, ते पोरांना झेपत नाही. हा युक्तिवाद चतुर आहे, पण टिकत नाही. औषधाची बाटली पोरांना उघडता येऊ नये म्हणून तिचे झाकण घट्ट करतात, डोसाचा आकडा पुसून टाकत नाहीत. ब्रिटन आणि युरोपीय संघात निकोटीनला दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा होती, त्यामुळे तिथे ज्यूलला अमेरिकेतला द्रव विकताच आला नाही. पोरांना आवरायची जागा द्रव, जाहिरात आणि गल्ला ही आहे, कॉइल नव्हे.

कॉइलच्या जागी मागणी साधी आहे. वॅटची मर्यादा कॉइलच्या अंगावरच कोरलेली हवी, फेकून द्यायच्या खोक्यावर नव्हे. यंत्राने ती ओलांडू देऊ नये. सेलवर छापलेला अँपिअरचा आकडा खोटा निघाला तर विकणाऱ्याला दंड व्हावा. चिप नसलेली नळी ज्यांना हवी त्यांनी ती खुशाल जमवावी, जुन्या मोटारी जमवणारेही असतातच. पण सिगारेट सोडायला म्हणून दुकानात शिरलेल्या माणसाच्या हातात ती पडता कामा नये. आणि जो सिगारेट ओढतच नाही, त्याला यातले काहीच शिकायची गरज नाही.

भारतात यातले काहीच लागू नाही, कारण इथे वस्तूच बेकायदा आहे. सप्टेंबर २०१९ चा वटहुकूम आणि त्याच वर्षीचा कायदा यांनी ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे बंद केले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रिटनमध्ये लेस्टरला शिकायला गेलेल्या मुलाने सुट्टीत घरी येताना बॅगेत ‘आपलेच’ म्हणून ते यंत्र आणले तरी ते आयातीच्या बंदीत सापडू शकते. तरीही मुंबई-पुण्यात धाडी पडतात, माल पकडला जातो, २०२३ मध्ये तर आरोग्य मंत्रालयाला तक्रारींसाठी संकेतस्थळ काढावे लागले. म्हणजे वस्तू आहे, फक्त तिच्यावर खरे काय छापले आहे हे तपासणारे कुणी नाही. न तपासलेला माल काय करतो ते दिसले आहे: अमेरिकेत २०१९ च्या, व्हेपमधून झालेल्या फुप्फुस-आजाराच्या साथीत २,८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले. त्यात मुख्य हात निघाला तो चोरबाजारातल्या गांजाच्या अर्कात घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा. बंदी उठवा असा याचा अर्थ नाही. पण धाड पडल्यावर पेट्यांची संख्या आणि किंमत यांच्या जोडीने त्या द्रवात आणि सेलमध्ये काय निघाले हेही जाहीर व्हायला काय हरकत आहे?

ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची व्हेप विकायला बंदी घातली. कारण कचरा आणि पोरे, दोन्ही. त्या फेकाऊ यंत्रांत निवडायचे काहीच नव्हते. त्यांच्या जागी आता पुन्हा भरायची, पुन्हा चार्ज करायची यंत्रे आली आहेत, आणि त्यांच्यासोबत ०.६, ०.८, १.२ अशा कॉइलींच्या पुड्याही. गिऱ्हाइकाला अठरा पूर्ण झालीत का, हे पाहायला तिथला दुकानदार कायद्याने बांधलेला आहे. ‘हजारची का दोन हजारची?’ हे विचारायला तो बांधलेला नाही.